नकाशावरचे नाव, डोंगराचे नाव

स्कॉटलंडच्या गेलिक डोंगरनावांबद्दल एक समज फार सोयीचा झाला आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशाखात्याने एकोणिसाव्या शतकात नावे नोंदवली, नकाशे छापले. आता शब्दकोश उघडायचा, अर्थ काढायचा आणि मोकळे व्हायचे. मला हा समज मान्य नाही.

सर्व्हेच्या नाववह्या आजही वाचायला मिळतात. नाव, त्याची निरनिराळी स्पेलिंगे, ती कोणी सांगितली, ठिकाण, वर्णन, असे त्यांत रकाने आहेत. पद्धत चोख होती, यात शंका नाही. मात्र 'कोणी सांगितले' या रकान्यात जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री आणि शाळामास्तर पुन्हा पुन्हा भेटतात. पुढे सर्व्हेच्या सूचनांत लहान शेतकऱ्यांवर विसंबू नये, विशेषतः स्पेलिंगबाबत, असे बजावलेलेही आहे. स्पेलिंग मास्तरांना विचारा, हरकत नाही. पण एखाद्या उतारावर जन्मभर गुरे चारणाऱ्यापेक्षा त्या उताराचे नाव कारभाऱ्याला अधिक ठाऊक, हे कसे मानायचे?

केर्नगॉर्म पर्वतरांगेचेच पाहा. 'केर्न गॉर्म' म्हणजे निळा डोंगर, असे प्रवासी पुस्तके सांगतात. 'गॉर्म' हा रंग गेलिकमध्ये कोवळ्या गवतालाही लागतो, ते असो. मुख्य मुद्दा असा की हे एका शिखराचे नाव आहे. इंग्रजीने ते सगळ्या रांगेवर पसरले. गेलिक बोलणारे रांगेला 'अम मॉनघ रुअघ' म्हणत, म्हणजे तांबूस डोंगर. स्पे नदीच्या पलीकडची रांग 'मॉनघ लिया', करडी. नदीकाठी उभे राहून एकीकडचा तांबूस ग्रॅनाइट आणि दुसरीकडचा करडेपणा पाहणाऱ्यांनी ही जोडी घडवली. जोडी फोडली की अर्थही गेला. 2003 साली झालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेलिक नावात निदान हा तांबूसपणा टिकला आहे; इंग्रजी नावात निळाच राहिला.

जवळच्या 'डेव्हिल्स पॉइंट'चे गेलिक नाव सैतानाच्या लिंगावरून पडले आहे. राणी व्हिक्टोरियाने अर्थ विचारला म्हणून ते सोज्वळ झाले, अशी दंतकथा सांगतात. दंतकथा खरी-खोटी कशीही असो, 'पॉइंट' हे भाषांतर नव्हे, पांघरूण आहे.

आता हौशी व्युत्पत्तिकार. बेन नेव्हिस म्हणजे 'ढगांत माथा असलेला', असे ते सांगतात. 1345 मीटरच्या शिखराला हे शोभतेही. पण नेव्हिस हे खालच्या दरीचे आणि नदीचेही नाव आहे. नदीचा माथा कुठल्या ढगांत असतो?

दुसऱ्या टोकाला शुद्धिवादी उभे आहेत. त्यांना प्रत्येक नाव प्रमाण गेलिक लेखनात बसवायचे असते. मग सुल्व्हेन या डोंगराच्या नावाचे काय करणार? त्याचा पूर्वार्ध नॉर्स, खांब या अर्थाचा, उत्तरार्ध गेलिक. किनाऱ्यावर आलेले नॉर्स लोक त्या नावात आहेत, आणि त्यांना हाकलून नाव शुद्ध होत नाही, नुसते खोटे होते.

माझे म्हणणे एवढेच. आधी स्थानिक उच्चार नोंदवा, सांगणारा कोण तेही लिहा, सगळ्या जुन्या लेखी रूपांना जागा द्या, मग डोंगरापुढे उभे राहून अर्थ तपासा. सर्व्हेची वही साक्षीदार म्हणून बोलवा; निकाल तिच्याकडून घेऊ नका. आणि मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनो, अर्थ ठाऊक नसेल तिथे 'अर्थ अनिश्चित' असे बेधडक छापा.