धूर मोजा, वय नको

दिल्लीतल्या १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शिक्कामोर्तब केलं. पण धूर काही जन्मतारखेतून निघत नाही. कार्बोरेटरवाली मारुती ८०० काळं ओकते ती अडकलेल्या चोकमुळे, तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे, नाहीतर कुणीतरी भलताच फिरवून ठेवलेल्या मिक्श्चर स्क्रूमुळे. स्पार्क प्लग काढून बघा: काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, फिका तपकिरी असेल तर ठीक. हे घरच्या घरी जमतं.

इंजेक्शनच्या गाड्या जास्त स्वच्छ, हे मान्यच. मग पीयूसीची मर्यादा कडक करा, तपासणी प्रामाणिक करा, नापास होईल तिला खुशाल घरी बसवा. आम्ही सॉफ्टवेअरवालेसुद्धा जुना प्रोग्रॅम फेकण्याआधी चाचणी घेतो. न तपासता भंगारात काढायचं आणि त्याला पर्यावरणप्रेम म्हणायचं, हा निव्वळ आळस आहे.