माउस घेण्याआधी हात मोजा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन माउस मागा. पहिला प्रश्न येतो, वायरचा की बिनवायरचा? दुसरा, बजेट किती? तिसरा प्रश्न सहसा येत नाही. खोक्यावर डीपीआयचा आकडा ठळक छापलेला असतो, बॅटरी किती महिने टिकेल ते असतं, सात रंगांचे दिवे लागतात हेही असतं. हा माउस केवढ्या हातासाठी बनवलाय, ते मात्र बहुतेक खोक्यांवर नसतं. चपलेच्या दुकानात सहा नंबर की नऊ, हे विचारल्याशिवाय जोड खाली काढत नाहीत. रोज सात-आठ तास मुठीत राहणारी वस्तू आपण रंग आणि किंमत बघून आणतो, आणि सहा महिन्यांनी मनगटाला बाम चोळत बसतो.

मग शोध सुरू होतो तो महागड्या ‘अर्गोनॉमिक’ माउसचा. माझं म्हणणं असं, की त्या दुकानात शिरण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात आणि दोन्हींना पैसे पडत नाहीत. एक, आपल्या हाताचं माप. दोन, माउस टेबलावर नेमका कुठे ठेवलाय ती जागा.

माप घेणं सोपं आहे. मनगटावरच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावायची. 17 सेंटिमीटरच्या आत असेल तर हात लहान, 19 च्या पुढे असेल तर मोठा, असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही. माउसची लांबी हाताच्या लांबीच्या साधारण 60 टक्के असावी, हा गेम खेळणाऱ्या पोरांमधला हिशेब. त्यात फार शास्त्र नाही, पण कामाला येतो. 18 सेंटिमीटरच्या हाताला 11 च्या आसपासचा माउस बसतो. लॅपटॉपबरोबर भेट मिळालेला चिमुकला माउस याहून बराच आखूड असतो. तो प्रवासात ठीक. दिवसभर वापरला तर तळवा त्याच्यावर टेकतच नाही. अंगठा आणि करंगळी दोन्ही बाजूंनी त्याला चिमटीत धरून ठेवतात आणि ती चिमूट संध्याकाळपर्यंत सुटत नाही. उलट लहान हाताला मोठा माउस दिला, तर बटण दाबायला बोटं ताणावी लागतात आणि चाकापर्यंत पोचायला अख्खा हात पुढे सरकवावा लागतो. ऑफिसात घाऊक खरेदी होते, सगळ्यांना एकच माउस वाटला जातो, आणि लहान हातांच्या बायका वर्षानुवर्षं तो निमूटपणे ओढत राहतात. तक्रार कोणाकडे करणार? स्टेशनरीच्या खात्यात हाताचं माप लिहायला रकाना नाही.

गेमर पोरांना आपण नावं ठेवतो, पण या बाबतीत ती शहाणी. माउसची चर्चा करताना ती आपल्या हाताची लांबी-रुंदी आधी सांगतात, पकड तळव्याची आहे की बोटांच्या टोकांची ते सांगतात, वजन ग्रॅममध्ये बोलतात. साठेक ग्रॅमचे माउस त्यांच्यामुळेच बाजारात आले. हिशेबनीस किंवा डीटीपी करणारा माणूस त्यांच्यापेक्षा जास्त तास माउस हलवतो, पण त्याने आपल्या माउसचं वजन कधी विचारलंय, असं ऐकलेलं नाही.

नुसतं रूप बघून माउस बनवला की काय होतं, याचं उदाहरण खुद्द ॲपलने घालून दिलंय. 1998 मध्ये आयमॅकबरोबर त्यांनी चकतीसारखा गोल माउस दिला. दिसायला देखणा. पण गोल असल्यामुळे न बघता हात ठेवला तर पुढची बाजू कुठली ते कळेना, आणि तळव्याला टेकायला काही उरेना. दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. गडबड नुसत्या रूपाची नाही, वाटणीचीही आहे. माउसचा शोध लावणाऱ्या डग्लस एंगलबार्टने 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला हजारेक लोकांसमोर माउस चालवून दाखवला, तेव्हा उजव्या हातात माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा वेगळा छोटा कीबोर्ड. म्हणजे दोन हातांना कामाची वाटणी होती. पुढे माउस तेवढा घराघरांत गेला आणि जवळपास सगळा भार उजव्या हातावर येऊन पडला.

आता जागेकडे येतो, कारण खरी गडबड तिथे आहे. कुठल्याही अकाउंट्स विभागात टॅलीवर बसलेल्या माणसाचा उजवा हात जरा निरखून बघा. कीबोर्ड पूर्ण लांबीचा, उजवीकडे आकड्यांच्या कळा. त्यामुळे माउस त्याच्याही पलीकडे, जवळजवळ शेजाऱ्याच्या हद्दीत. कोपर अंगापासून सुटलेलं, खांदा किंचित उचललेला, मनगट करंगळीच्या बाजूला वाकलेलं. टेबलावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी आणि फोन नंबरांचे कागद. काचेवर साधा ऑप्टिकल माउस धड चालत नाही, म्हणून खाली जुन्या डायरीचं पुठ्ठं. आणि काचेची कड बरोबर मनगटाच्या आतल्या बाजूला रुतलेली, जिथून बोटांकडे जाणारी नस त्वचेखाली फार खोल नसते. या माणसाला जगातला सर्वांत महाग माउस दिला तरी त्याचा हात दुखायचा थांबणार नाही. त्याला हवाय आकड्यांच्या कळा नसलेला आखूड कीबोर्ड, किंवा त्या कळांचा वेगळा पॅड, जो डावीकडे ठेवता येतो. माउस कीबोर्डला चिकटून आला आणि कोपर अंगाजवळ राहिलं की निम्मी लढाई जिंकली. काचेच्या कडेवर घडी घातलेला पंचा ठेवला तरी चालतो. दिसायला बरं दिसत नाही, हे कबूल.

मनगटाखाली जेलची उशी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ती थांबल्यावर टेकायला आहे. तिच्यावर मनगट रोवून माउस फिरवला, तर जी नस वाचवायची तिच्यावरच दाब येतो.

दुखणं माउसनेच येतं का, याचं उत्तर सरळ नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार कर्मचाऱ्यांचा वर्षभर पाठपुरावा करून 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कीबोर्डचा आणि कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटातली ही नस दबण्याच्या, लक्षणांचा संबंध ठामपणे दिसला नाही. आठवड्याला 20 तासांहून जास्त माउस वापरणाऱ्यांत मात्र लक्षणं वाढलेली दिसली. तरीही संशोधकांनी संगणकाला या आजाराचं मोठं कारण म्हटलं नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही हीच नस दबते. म्हणून सगळं खापर माउसवर फोडू नये. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन रात्री झोपमोड होत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल किंवा हातातून कपबशी सुटत असेल, तर ते दुकानात नेण्याचं दुखणं नाही, डॉक्टरांकडे नेण्याचं आहे. करंगळीत मुंग्या येत असतील तर नस वेगळी, आणि त्या दुखण्याचा उगम बहुधा कोपराशी.

मग उभा माउस घ्यावा की नाही? हस्तांदोलनाला हात पुढे केल्यासारखा पकडायचा हा माउस. लॉजिटेकचा एमएक्स व्हर्टिकल 57 अंशांत कललेला आहे. त्याच कंपनीचा लिफ्ट 2022 मध्ये लहान आणि मध्यम हातांसाठी आला आणि डाव्या हाताचाही मिळतो. तळवा पालथा राहत नाही, त्यामुळे हाताच्या दोन हाडांना पीळ कमी बसतो. कोपराजवळ दुखणाऱ्या अनेकांना याने आराम पडतो. पण कार्पल टनेलच्या रुग्णांवर तपासणी केली, तेव्हा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की उभ्या माउसने मनगटाची ठेवण बदलते, नसेवरचा दाब मात्र कमी होत नाही. तेव्हा खोक्यावर ‘कार्पल टनेलवर उपाय’ लिहिलेलं असेल तर ती जाहिरात समजावी. ज्यांचं काम बारीक आहे, फोटोच्या कडा कापणं वगैरे, त्यांना सुरुवातीला हा माउस सावकाशही वाटतो.

ट्रॅकबॉलमध्ये माउस जागचा हलत नाही, फक्त गोळा फिरतो. खांदा दुखणाऱ्याला आणि अरुंद टेबलवाल्याला सोयीचा. मात्र अंगठ्याने फिरवायचा गोळा असेल तर सगळा ताण अंगठ्याच्या मुळाशी जातो. मोबाइलवर टाइप करून आधीच अंगठा दुखावलेल्यांनी बोटांनी फिरवायचा मधला गोळा असलेला घ्यावा.

यातला कुठलाही घेताना सील न फोडता ‘बघून घ्या’ म्हणणाऱ्या दुकानातून उठावं. पाच मिनिटं हातात धरून, तळवा टेकतो का आणि अनामिका मोकळी राहते का, एवढं तरी पाहू द्यायला हवं.

आणि काहीच विकत न घेता करण्याचा एक उपाय: माउस डावीकडे न्या. सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल दोन क्लिकमध्ये होते. साधा, दोन्ही बाजूंनी सारखा माउस असला की झालं. उजव्या हाताला घडवलेला चालत नाही. आकड्यांच्या कळा उजव्या हाताला मोकळ्या राहतात, म्हणून हिशेबनिसांना तर हे फारच सोयीचं पडतं. सुरुवातीचे काही दिवस बाण भलतीकडेच पळतो आणि नको ती फाइल उघडते. पॉइंटरचा वेग थोडा कमी केला की हात लवकर सरावतो. फक्त हा प्रयोग मार्चमध्ये सुरू करू नये.