खेळ विद्यापीठांचा, नकाशा प्रक्षेपण मक्तेदारांचा

भूगोलाचे क्रमिक पुस्तक उघडून कोणीही खात्री करून घ्यावी : कॅलिफोर्निया हे राज्य प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर आहे. तथापि २०२४ सालापासून तेथील स्टॅनफर्ड आणि बर्कले ही विख्यात विद्यापीठे ‘ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळत आहेत. ‘बिग टेन’ म्हणविणाऱ्या संघटनेत दहा नव्हे, अठरा विद्यापीठे आहेत. ‘बिग ट्वेल्व’मध्ये सोळा. अमेरिकन वृत्तपत्रे या प्रकाराला ‘विस्तार’ आणि ‘पुनर्रचना’ अशी सभ्य नावे देतात. वस्तुतः विद्यापीठांच्या क्रीडाजीवनाची ही मक्तेदार प्रक्षेपण कंपन्यांच्या सोयीने झालेली वाटणी आहे.

‘कॉन्फरन्स’ म्हणजे एका प्रदेशातील विद्यापीठांनी आपापसांत नियमित सामने खेळण्यासाठी स्थापिलेला संघ. विद्यार्थ्याने शनिवारी खेळावे आणि सोमवारी वर्गात बसावे, इतक्याच अंतरावर प्रतिस्पर्धी असावा, हा त्यामागील साधा विचार. पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ या संघाची मुळे १९१५ सालापर्यंत जातात. तो मोडायला चौदा महिने पुरले. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या दोन्ही मोठ्या विद्यापीठांनी ‘बिग टेन’मध्ये जाण्याची घोषणा केली. दोनच महिन्यांत ‘बिग टेन’ने फॉक्स, सीबीएस व एनबीसी या कंपन्यांशी सात वर्षांचा करार केला, त्याची रक्कम ७०० कोटी डॉलरांहून अधिक असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी आणखी पाच विद्यापीठे निघून गेली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड व बर्कले यांनीही बोचके बांधले. मागे उरली ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच. पुढे लहान संघांतील विद्यापीठे ओढून घेऊन २०२६ च्या जुलैपासून ‘पॅक-१२’ पुन्हा उभा करण्याचे ठरले. म्हणजे वरच्याने लुटले, त्याची भरपाई खालच्याकडून!

आणि हे सारे कोणाला विचारून? लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ ही जनतेच्या करावर उभी राहिलेली सार्वजनिक संस्था. तिच्या नियामक मंडळाची संमती मिळाली ती घोषणेनंतर, डिसेंबर २०२२ मध्ये. पुढे त्याच मंडळाने तिला आपल्याच भगिनीसंस्थेस, बर्कलेस, दरसाल १ कोटी डॉलर देण्यास फर्मावले. एका हाताने घर मोडायचे आणि दुसऱ्या हाताने पोटगी द्यायची, असा हा न्याय. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर नव्या संघात नुसता प्रवेश मिळावा म्हणून नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाट्यावर पाणी सोडले.

या व्यवहाराची किंमत मोजतो खेळाडू. पैसा येतो फुटबॉलच्या प्रक्षेपणातून, आणि फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदाच होतो. परंतु व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींनाही त्याच नकाशात कोंबण्यात आले आहे. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीचे रट्गर्स विद्यापीठ सुमारे चार हजार किलोमीटर दूर. दोहोंच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर. तासिका बुडाल्या, झोप बुडाली, तर कंपनीच्या ताळेबंदात त्याची नोंद कोठेही होत नाही.

‘बाजाराने ठरविले, त्याला कोण काय करणार?’ असे या व्यवस्थेचे वकील म्हणतात. बाजार आकाशातून पडत नाही; तो कायद्याने घडविला जातो. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सामन्यांच्या प्रक्षेपणावरील राष्ट्रीय क्रीडासंघटनेचे, म्हणजे एनसीएएचे, नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरविले. माल विकण्याचे स्वातंत्र्य त्या दिवशी मिळाले. पण माल घडविणाऱ्या खेळाडूच्या मोबदल्यावरील बंधन? ते तसेच राहिले. त्याच न्यायालयाने त्यावर बोट ठेवले ते सदतीस वर्षांनी, २०२१ मध्ये. तेही केवळ शिक्षणाशी निगडित लाभांपुरते. विक्रेत्याला मोकळीक आणि श्रमिकाला वेसण : हीच या ‘मुक्त’ बाजाराची घटना!

दुसरा पक्ष परंपराप्रेमींचा. जुन्या चुरशी गेल्या, हौशी खेळाचे पावित्र्य गेले, म्हणून ते अश्रू ढाळतात. चुरशी गेल्याचे दुःख खोटे नाही. परंतु त्या पावित्र्याचा इतिहास तपासला पाहिजे. १९५५ साली कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा खेळाडू मैदानावरील दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९५७ मध्ये नाकारली. अशाच दाव्यांना तोंड देण्यासाठी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द योजून रूढ करण्यात आल्याची कबुली एनसीएएचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले वॉल्टर बायर्स यांनीच आपल्या १९९५ च्या पुस्तकात दिली आहे. हौसेचा हा बुरखा प्रथमपासूनच मालकाच्या संरक्षणासाठी विणलेला होता.

आता सांगण्यात येते की प्रश्न सुटला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई मिळावयाची आहे, आणि २०२५-२६ या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटता येईल असे ठरले. ही खेळाडूंच्या दीर्घ झगड्याची कमाई आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण ‘पर्यंत’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. व्यावसायिक लीगमधील वेतनमर्यादा खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून ठरते. येथे मर्यादा आहे, युनियन नाही. डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन स्थापण्याचा कौल दिला. महाविद्यालयाने वाटाघाटीस नकार दिला; आणि श्रममंडळाची सूत्रे नव्या राजवटीकडे जाणार हे दिसताच वर्षअखेरीस तो अर्ज मागे घ्यावा लागला.

हे दूरदेशीचे नवल म्हणून भारतीय वाचकाने सोडून देऊ नये. ॲटलांटिक कोस्टचे सामने दाखविणारी ईएसपीएन ज्या डिस्नीच्या हाती आहे, तिच्याच स्टार कंपनीने २०२२ मध्ये आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे दूरचित्रवाणी हक्क २३,५७५ कोटी रुपयांना घेतले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचा येथील व्यवसाय रिलायन्सच्या व्यवसायात विलीन झाला. सामन्याची वेळ, स्थळ आणि प्रतिस्पर्धी प्रक्षेपणाचा खरेदीदार ठरवू लागला की काय होते, ते पॅसिफिक किनाऱ्यावर दिसले आहे.

यावर उपाय जुन्या नकाशाच्या आठवणीत नाही, आणि नव्या नकाशाच्या दलालीतही नाही. जे धावतात, पडतात, जखमी होतात, त्यांना नकाशा आखणाऱ्या टेबलाशी संघटितपणे बसण्याचा हक्क मिळाला पाहिजे. डार्टमथच्या तेरा मतांनी मागितले होते ते एवढेच.