ॲव्हरेज किती देते?

दसरा उलटला, सोयाबीनचे पैसे हातात आले आणि कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडली, की आमच्या पुसदला दरवर्षी एका रोगाची साथ येते. या रोगाचे नाव ‘गाडी घेणे’. पैसेवाल्यांना तो नव्या गाडीच्या रूपाने होतो आणि पाडव्याच्या मुहूर्तावर पेढे वाटून बरा होतो. आम्हां मास्तर-कारकुनांना आणि दहा-बारा एकरांच्या कास्तकाराला तो जुन्या गाडीच्या रूपाने होतो आणि पुष्कळदा जन्मभर पुरतो.

अशी एखादी जुनी, लहानशी गाडी दाराशी येऊन उभी राहण्याचा अवकाश, की आळी गोळा होते. कोणी चाकाला लाथ मारून पाहतो, कोणी दार तीनदा उघडून तीनदा आपटतो. आणि मग जमावातला सर्वांत वडील माणूस घसा साफ करून तो महाप्रश्न विचारतो, “काय हो भाऊ, ॲव्हरेज किती देते?” मालकाने “वीस-बावीस तं कुठंच गेली नाई” असे म्हटले, की सर्वांचे चेहरे उजळतात. परीक्षा संपली, गाडी पास!

या प्रश्नाविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती फराळाआधीच मांडून मी मोकळा होतो. जुनी गाडी पारखताना ‘ॲव्हरेज किती देते’ हा प्रश्न पहिला तर नाहीच, पण पाचवासुद्धा नाही. हा एकच प्रश्न विचारून गाडी घेणारा माणूस दुभत्या म्हशीचे दूध मोजतो आणि तिचे दात पाहायला विसरतो.

प्रश्न मुळात वाईट घराण्यातला नाही, हे मी मान्य करतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली एका ग्राहकाच्या हाती पडली. तोवर आपल्याकडे मोटार म्हणजे अँबॅसिडर नाही तर फियाट, आणि दोन्ही पेट्रोल प्यायला खंबीर. ७९६ सी.सी.च्या तीन सिलिंडरांची, पन्नास हजारांच्या आत मिळणारी ही नवी चिमुकली गाडी मध्यमवर्गाच्या अंगणात आली ती थोडे पिऊन पुष्कळ धावण्याच्या गुणावर. पंचवीस लाखांहून अधिक गाड्या खपवून जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात १९९८ साली सँट्रो आली, २००० साली अल्टो आली. आज पुसदच्या बाजारात ‘जुनी छोटी गाडी’ म्हणून जे काही उभे असते, ते बहुतेक याच गोतावळ्यातले. ज्या पिढीने यांतली पहिली गाडी घेतली, तिला पेट्रोलचा खर्च खरोखरच टोचत होता. तिने ॲव्हरेज विचारले यात तिचे चुकले नाही. चूक आमची, आम्ही तिचा प्रश्न वारशाने घेतला आणि तिचा हिशेब मात्र घेतला नाही.

तो हिशेब आता करू. आमच्यासारख्या माणसाची गाडी वर्षाला फार तर सहा हजार किलोमीटर चालते. महिन्यातून एकदा यवतमाळ, कधी वाशीम, कधी दवाखान्यासाठी नांदेड, लग्नसराईत उमरखेड-दिग्रस, आणि उरलेले सगळे भाजीबाजार ते घर. एक गाडी लिटरला वीस किलोमीटर देते, तिला वर्षाला ३०० लिटर लागले. दुसरी पंधराच देते, तिला ४०० लिटर. फरक शंभर लिटरांचा. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले तर वर्षाचे १०,५०० रुपये, महिन्याचे ८७५. ही रक्कम लहान आहे असे मी म्हणत नाही. पण एवढ्यासाठी आम्ही जी गोष्ट बघायची सोडून देतो ती किती रुपयांची असते, ते मी स्वानुभवाने सांगू शकतो.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यातून मी अशीच एक गाडी आणली. कोणत्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही. दोष कंपनीचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता. “डॉक्टरसाहेबांची गाडी, सिंगल हँड, गावातल्या गावात चालली,” असे दलालाने सांगितले. (जगातल्या सर्व जुन्या गाड्या डॉक्टरसाहेबांच्याच असतात. इतके डॉक्टर खरोखर असते तर नांदेडला धावायची पाळीच आली नसती.) मी ॲव्हरेज विचारले. ते त्याने बावीस सांगितले, आणि गंमत म्हणजे ते खोटे नव्हते. आमच्या सौभाग्यवतींनी तेवढा एक निराळा प्रश्न केला, “मागच्या सीटला पट्टे आहेत का?” त्यावर मी आणि दलाल दोघेही हसलो.

पहिल्या पावसाळ्यात पायाखालची चटई ओली राहू लागली. चटई उचलली तर खाली पत्रा नव्हताच. जुन्या अपघातानंतर ठिगळ लावून, लांबी भरून, वर काळा रंग मारलेला होता. आमचे मिस्त्री गाडीखालून सरकत बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “सर, तुमी ॲव्हरेज पायलं. गाडी पायलीच नाई.” बत्तीस वर्षे मी मुलांचे पेपर तपासले, इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी नापास केले नव्हते. पत्राकाम, रंग आणि पुढच्या चाकांची जोडणी यांचे बिल चाळीस हजारांवर गेले. म्हणजे चार वर्षांच्या पेट्रोलची बचत एका पावसाळ्यात वाहून गेली.

आता कोणी म्हणेल, बावीस देणारी गाडी ती बावीस देणारी गाडी. पण हे बावीस येते कुठून, याचा विचार आम्ही करतो का? इंजिन लहान, हे एक कारण. दुसरे कारण वजन. मारुती ८०० चे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पाच मोठी माणसे बसली की गाडीच्या निम्म्या वजनाचा भार तिच्यावर चढला. वर फराळाचे डबे निराळेच. अशा भाराने, मे महिन्याच्या उन्हात, ए.सी. लावून ती वाशीमच्या वाटेवरचा खंडाळ्याचा घाट चढू लागली, की बावीसचा आकडा दरीत उडी घेतो. शिवाय पेट्रोलही तेच राहिलेले नाही. २०२५ पर्यंत त्यात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या लिटराच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या मोटारींची कार्यक्षमता सहा-सात टक्क्यांनी घटेल. तेव्हा विक्रेत्याने सांगितलेले ॲव्हरेज हे गाडीच्या तरुणपणाचे असते. आपण घेतो ती तिची पेन्शन. आकडा विचारण्यापेक्षा पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. भेगा दिसल्या तर आधी त्या बदलून घ्याव्यात.

वजन कमी म्हणजे पत्राही कमी आणि साधनेही कमी, हे तर आम्ही कधी बोलतच नाही. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने आपल्याकडच्या पाच लहान गाड्या, एअरबॅग नसलेल्या, ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. पाचांपैकी एकीलाही मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी एक तारा मिळाला नाही. त्यांतल्याच एका गाडीला दोन एअरबॅगा लावून पुन्हा आदळली, तेव्हा तिने चार तारे मिळवले. चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाडीत ती असेलच असे नाही. अशा गाडीत आम्ही काय करतो? पुढे दोघे, मागे चौघे, मांडीवर दोन पोरे, आणि “पोहोचू ना बाप्पा, कितीक दूर आहे!” सौभाग्यवतींच्या पट्ट्याच्या प्रश्नाला मी हसलो होतो. आज मला त्या हसण्याची लाज वाटते.

यावर नव्या गाडीचे पुरस्कर्ते टाळ्या पिटतील, “बघा, म्हणूनच कर्ज काढून नवी घ्या!” त्यांनी टाळ्या आवरत्या घ्याव्यात. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षे फेडायचे, तर हप्ता महिना आठ हजारांवर जातो आणि व्याजच पावणेदोन लाखांचे होते. कापसाचा भाव पडला तरी हप्ता पडत नाही. पुसदला आज रेल्वेगाडी नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम चालूच आहे. रात्री दोन वाजता म्हाताऱ्या आईच्या छातीत दुखू लागले तर दारात उभी असलेली जुनी गाडी ही चैन नसते. तेव्हा माझे भांडण जुन्या गाडीशी मुळीच नाही. नीट पारखलेली जुनी लहान गाडी ही आमच्यासारख्यांची मानाची सवारी आहे. माझे भांडण न पारखता घेण्याशी आहे.

मग पारखायचे कसे? गाडी नेहमी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. सुरू करताच मागून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल पीत आहे. एक लोहचुंबक खिशात ठेवावा. पत्र्याला तो चिकटतो, लांबी भरलेल्या जागी निसटतो. चटई उचलावी. मुंबईची गाडी असेल तर खाऱ्या हवेने खालचा पत्रा खाल्लेला असतो. पुरात बुडालेल्या गाड्याही लांबवर विकल्या जातात. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडाले. सीटखालच्या रुळांवर गंज आणि कोपऱ्यात गाळ दिसला तर नमस्कार करून परत फिरावे. आपल्या वऱ्हाडातल्या गाडीचा पत्रा बहुधा कोरडा निघतो, पण उन्हाने तिचे रबर आणि रेडिएटर शिजलेले असतात. म्हणून अर्धा तास चालवून, ए.सी. लावून, उभ्या गाडीचा तापमानाचा काटा पाहावा. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पेडलवरचे रबर मात्र खोटे बोलत नाही. चाळीस हजार चाललेल्या गाडीचे ते गुळगुळीत झाले असेल तर दोघांपैकी एक लबाड आहे.

आणि कागद! खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचे शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ साली १०,००० झाले. पर्यावरण कर वेगळा. ‘एम.एच. २९’ ची पाटी पाहून आपल्या जिल्ह्याची म्हणून हुरळून जाण्याऐवजी तिच्याखाली किती वर्षे उरली ते वाचावे. बँकेचा बोजा उतरला आहे का, चेसिसवर कोरलेला क्रमांक आर.सी.शी जुळतो का, हे पाहावे. आणि विकणाऱ्यानेही एक ध्यानात ठेवावे. “राहू द्या तुमच्याच नावावर, काय बिघडते” हे आपल्या गावात सर्रास चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले, की नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. गाडी विकून पेढे खाल्ले आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच्या अपघाताची नोटीस दारात आली, तर ते पेढे फार महाग पडतील.

एवढे सगळे करायला एक रविवार आणि मिस्त्रीची पाचशे-सातशे रुपये मजुरी लागते. पण मिस्त्रीला सोबत नेणे म्हणजे दलालाचा अपमान, असे आम्हांला वाटते. सोयरीक जुळवताना आम्ही चार गावांत चौकशी करतो. ज्यात अख्खे घर बसवून घाटातून न्यायचे, ती गाडी मात्र एका प्रश्नावर घरात घेतो. हा भिडस्तपणा सोडला पाहिजे.

माझी ती गाडी अजून माझ्याकडेच आहे. नवा पत्रा बसला, मागे पट्टे बसवले. चारच माणसे बसतात, पाचव्याला एस.टी.चे पैसे मी देतो. साठच्या वर ती जात नाही. मी जाऊ देत नाही. परवा तिला झेंडूची माळ घालत असता शेजारच्या तरुण गृहस्थांनी फाटकातून हाक मारली, “सर, मलाबी अशीच एक घ्याची आहे. ॲव्हरेज किती देते?”

मी त्यांच्या हातात लोहचुंबक दिला.