पुण्याला हलवायचं का?

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून सातारा-सांगलीच्या गाड्या भरून सुटतात. त्यात बरेचसे आपल्यासारखेच. ऑफिस पुण्यात, आई-बाबा गावी. मग एखाद्या दिवशी ऐन मीटिंगमध्ये मोबाइल वाजतो. ‘बाबांना व्हेंटिलेटर लावावा लागेल.’ आपण पटकन म्हणतो, ‘मग पुण्यालाच हलवू या!’ मोठं शहर, मोठं मशिन, असा आपला साधा फंडा.

पण बॉस, जरा थांबा. व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. तो फुफ्फुसांना वेळ मिळवून देतो. म्हणून तो कसा वापरला जातो, याला खरं महत्त्व.

पहिली पायरी मास्कची. सीओपीडीच्या पेशंटला दम लागला, तर बायपॅपने अनेकदा घशातली नळी टळते. त्यावर भागलं नाही, तर मात्र नळीला पर्याय नसतो.

नळीनंतर प्रश्न येतो, एका श्वासाला हवा किती? फुफ्फुसं सुजून निकामी झालेल्या 861 पेशंट्सवर अमेरिकेत झालेल्या तुलनेचा निकाल 2000 साली आला. किलोमागे 12 मिली हवा दिलेल्यांत जवळपास 40 टक्के दगावले, 6 मिलीवाल्यांत 31 टक्के. जास्त हवेने नाजूक फुफ्फुसं ताणली जातात. आणि हे किलो काट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले. पोट सुटलं म्हणून फुफ्फुसं थोडीच वाढतात! साडेपाच फुटी बाबांना साधारण 385 मिली पुरे.

दुसरी गोष्ट पालथं झोपवण्याची. 2013 च्या फ्रेंच अभ्यासात गंभीर पेशंट्सना रोज किमान 16 तास पालथं ठेवलं. 28 दिवसांतले मृत्यू 33 टक्क्यांवरून 16 वर आले. कोविडमध्ये हा उपाय घरोघरी माहीत झाला.

मला यातली सॉलिड गोष्ट वाटते ती ही, की या दोन्हींना महागडं मशिन लागत नाही. लागतात जाणते डॉक्टर, दक्ष नर्सेस आणि पेशंटला जपून वळवणारे चार-पाच जण. ते साताऱ्यात किंवा मिरजेत असतील, तर हायवेवरचे ते तास कशाला? अशा पेशंटचा प्रवास हीच मोठी जोखीम असते.

तेव्हा अॅम्ब्युलन्स बोलावण्याआधी डॉक्टरांना विचारा : मास्कवर भागेल का? हवेचं माप उंचीवरून धरलंय ना? पालथं झोपवायची सोय आहे? नळी काढता येईल का, हे रोज तपासता? उत्तरं ‘नाही’ आली, तर हलवण्याबद्दल त्यांच्याशीच बोला.

आणि या वीकेंडला घरी जाल, तेव्हा एक प्रश्न बाबांनाही विचारा. अशी वेळ आलीच, तर तुम्हाला काय हवंय?