पंधरा मीटरांवरचा नेम

दिवाळी उलटली की सुरत जिल्ह्यात बारडोली, मढी, चलथाण, सायण, महुवा इथल्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. नंदुरबार, धुळे आणि डांगातून ऊसतोड्यांची कुटुंबं ट्रकने उतरतात, शेताच्या कडेला पालं पडतात आणि पहाटेपासून कोयते चालू लागतात. फड तुटत जातो तसा त्यात दडलेल्या जनावरांचा आसरा कमी होत जातो. शेवटच्या चार-सहा सऱ्या उरल्या की त्यातून बिबट्याची पिल्लं निघतात, कधी मादीच समोर येते, कधी पायात तारेचा फास अडकलेला कोल्हा. मग वनखात्याला फोन जातो आणि आपल्यापैकी कुणीतरी जाळी, पिंजरा आणि डार्ट गन गाडीत टाकून निघतो.

या अंकाचं संपादकीय त्या डार्ट गनवर बसवलेल्या स्कोपबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत बचाव पथकांच्या बंदुकांवर एक विशिष्ट जातीचा स्कोप दिसू लागला आहे : लांब, जड, पुढची काच मोठी, ४-१६×४४ किंवा ६-२४×५० असे आकडे कोरलेला. ऑनलाइन मिळतो, किंमत परवडते, हातात घेतला की भारी वाटतो. हा स्कोप अमेरिकेतल्या शिकाऱ्यासाठी बनलेला आहे. तिकडे उघड्या माळावर दोनशे-तीनशे मीटरांवरून कायोटी टिपतात. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचाच थोरला भाऊबंद. त्या शिकाऱ्याच्या रायफलीतून गोळी सेकंदाला ९०० ते १,००० मीटर वेगाने सुटते आणि जनावर मारायचंच असतं. आपल्याला ते जगवायचं असतं. आपला डार्ट सेकंदाला चाळीस ते साठ मीटरने जातो आणि आपण उभे असतो पंधरा-वीस मीटरांवर, उसाच्या बांधावर, बहुतेक वेळा दिवस मावळताना.

आधी वेगाचं गणित पाहू, कारण आपल्या कामात बहुतेक चुका तिथेच होतात. डार्ट सेकंदाला ५० मीटरने सुटला असं धरा, हवेचा रोध सोडून द्या. २५ मीटर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सव्वा मीटर खाली येतो. बंदूक २५ मीटरांना झिरो केलेली आहे, पण जनावर खरं तर ३० मीटरांवर आहे, तर डार्ट जवळपास ३० सेंटिमीटर खाली लागेल. जनावर २० मीटरांवर असेल तर सुमारे २० सेंटिमीटर वर जाईल. डार्ट खाली गेला की बिबट्याच्या मांडीवर धरलेला नेम पोटाखालून निघून जातो. कोल्ह्याची खांद्यापाशी उंची जेमतेम ४० सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या बाबतीत वर गेलेला डार्ट पाठीवरून जातो किंवा मणक्यात बसतो. अंतराचा अंदाज पाच मीटरांनी चुकला तर सोळापट मोठं दाखवणारी काच काहीही सावरू शकत नाही. उलट नेम अगदी बरोबर होता असा खोटा विश्वास ती देते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. खरेदीच्या यादीत अंतर मोजायचं लेझर यंत्र पहिलं, सरावाचे डार्ट दुसरे आणि स्कोप त्यानंतर.

लेझर यंत्रही उसात फसवतं. पुढे आलेल्या एका पात्यावरून किरण परततो आणि १८ मीटरांऐवजी ११ दाखवतो. जनावराच्या शेजारचा एखादा बांध, विजेचा खांब किंवा ट्रॅक्टरचं चाक मोजून घ्यावं, दोन-तीनदा मोजावं आणि मगच बंदुकीचा दाब लावावा.

आता काचेकडे येऊ. सेंटरफायर रायफलींसाठी बनलेले साधे स्कोप बहुधा १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरांना पॅरालॅक्समुक्त केलेले असतात. त्यातून १५ मीटरांवर पाहिलं की चित्र धुरकट होतं आणि डोळा मधल्या रेषेवरून जरा सरकला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकतो. पुढची काच ४० मिलिमीटरची असेल तर ही चूक दीड-पावणेदोन सेंटिमीटरांपर्यंत जाते. बिबट्याच्या भरदार मांडीला ती सोसते, कोल्ह्याच्या मांडीला सोसत नाही. शिवाय मोठी पट म्हणजे अरुंद दृश्य. दहापटीच्या काचेतून १५ मीटरांवरचा बिबट्या पाहिला तर नुसते ठिपके दिसतात. ते खांद्याचे की मांडीचे, हे समजेपर्यंत तो पुढच्या सरीत गेलेला असतो.

उजेडाचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि दुकानदार तो कधी सांगत नाही. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, एवढ्या मिलिमीटरांचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत पोचतो. ४×३२ मध्ये तो ८ मिलिमीटर होतो. सोळापटीवर नेलेल्या ४-१६×४४ मध्ये पावणेतीनच उरतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण सात मिलिमीटर उघडते, पन्नाशीला ती पाचच्या आसपास येते. संध्याकाळी साडेसहाला उसाच्या कडेला हा फरक म्हणजे दिसणं आणि न दिसणं. सुरतेत महिधरपुरा किंवा वराछाच्या हिरेबाजारात मालाची शुद्धता दहापट भिंगाखालीच ठरते, जगभरही हाच दंडक आहे. त्याहून मोठी भिंगं मिळत नाहीत असं नाही, पण त्या कामाला दहापट बरोबर म्हणून तेच भिंग वापरतात. आपल्या कामाला एक ते चार पट बरोबर आहे.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती साध्या, चित्र मोठं न करणाऱ्या रेड डॉटला. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, आजूबाजूला जमलेली माणसं दिसत राहतात आणि पॅरालॅक्सचा त्रास नगण्य. बंद पिंजऱ्यातल्या किंवा विहिरीतल्या बिबट्यासाठी तोच उत्तम. २५ ते ४० मीटरांसाठी १-४×२४ किंवा पक्का ४×३२ घ्यावा, पण १० मीटरांपर्यंत फोकस जुळवता येणारा. असे स्कोप एअर रायफलवाल्यांसाठी मिळतात. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या डार्ट गनला धक्का जवळपास नसतोच, त्यामुळे 'मॅग्नम झटका सोसणारा' वगैरे जाहिरातींना पैसे मोजू नका. माउंट मात्र ठेंगणा घ्या. नळीपासून स्कोप जितका उंच, तितका जवळच्या नेमाचा हिशेब बिघडतो.

लहान जनावरांबाबत माझं मत अधिक कडक आहे. कोल्हा सात ते अकरा किलोंचा, रानमांजर त्याच्याही निम्मं. भरलेला डार्ट समजा १० ग्रॅमचा. सेकंदाला ६० मीटरने आला तर तो १८ ज्यूल ऊर्जा घेऊन आदळतो, ४० मीटरने आला तर आठ. बिबट्याचा स्नायू हे सोसतो. कोल्ह्याच्या मांडीची हाडं तुटू शकतात आणि डार्ट बरगड्यांत शिरला तर जनावर हातातच जातं. म्हणून कोल्हा, खोकड, रानमांजर, उदमांजर यांच्यासाठी बंदुकीवर कोणता स्कोप लावावा हा प्रश्नच मला मान्य नाही. जाळी, पिंजरा आणि दहा मीटरांच्या आतली फुंकनळी, एवढीच साधनं. ससा तर पकडण्याच्या ताणानेच दगावतो. त्याला फासातून सोडवायचं, टोपलीखाली अंधारात ठेवायचं आणि काळोख पडला की जवळच सोडायचं.

कायद्याची बाजूही इथे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या व्याख्येत पकडणंही येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, कोल्हाही बिबट्यासारखाच पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ११ खालची लेखी परवानगी हाती नसताना, शेतकरी कितीही हातघाईवर आले तरी, डार्ट भरू नये. गुजरातेत २०२३ च्या गणनेत २,२७४ बिबटे नोंदले गेले, २०१६ मध्ये ते १,३९५ होते. म्हणजे असे फोन वाढणार, आणि गर्दीच्या दबावाखाली बंदूक उचलण्याचे प्रसंगही.

तो दबाव ओळखावा. भूल चढायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात डार्ट लागलेला बिबट्या उभ्या उसात कितीही आत जातो. मागे शोधायला माणसं पाठवायची तर आपण त्यांनाच धोक्यात घालतो. पिल्लं सापडली असतील आणि मादी जवळपास असेल, तर महाराष्ट्रातल्या जुन्नर परिसरात अनेकदा यशस्वी झालेली रीत वापरावी : पिल्लं त्याच जागी खोक्यात ठेवायची, तोडणी थांबवायची, कॅमेरा लावायचा आणि रात्री आईला येऊ द्यायचं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नरच्या अनुभवावरून २०११ मध्ये मांडलं की पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे माणसांवरचे हल्ले वाढले. बारडोलीच्या फडात बंदूक खांद्याला लावण्याआधी हा निष्कर्ष आठवायला हवा. अनेकदा डार्ट न मारणं हाच योग्य उपचार असतो, आणि मुकादमाला, सरपंचाला ते पटवून देणं हे नेमाइतकंच कसबाचं काम आहे.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक पथकाने आपल्या बंदुकीचा तक्ता स्वतः तयार करावा. १०, १५, २०, २५ आणि ३० मीटर, प्रत्येक अंतरावर पाच-पाच डार्ट, आत औषधाइतकंच पाणी भरून, मागे जाड फोमचं लक्ष्य. दाब किती, डार्टचं वजन किती, वारा होता का, डार्ट नेमापासून किती वर-खाली लागला, एवढं लिहून काढावं. सकाळचा आणि भर दुपारचा तक्ता वेगळा येईल, कारण सिलिंडरमधल्या वायूचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. तक्ता कडक पुठ्ठ्यावर चिकटवून बंदुकीच्या पेटीत ठेवावा आणि स्कोप, माउंट किंवा डार्टचा प्रकार बदलला की तो फाडून नवा करावा. आपले तक्ते बंदुकीच्या आणि डार्टच्या प्रकारासह आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून ते आम्ही शेजारी-शेजारी छापणार आहोत, म्हणजे मांडवी-उमरपाड्याच्या पथकाला जुन्नरचे आणि जुन्नरच्या पथकाला दक्षिण गुजरातचे आकडे ताडून पाहता येतील.