मृतदेह आमचा, कथा कोणाची?

गुन्हेगारीपटांचा सध्या सुकाळ आहे. छत्तीसगडच्या सीमेवरील सालेकशासारख्या तालुक्यातली पोरेही ते मोबाईलवर पाहतात. त्यांत आता दलित-आदिवासी पात्रे दिसू लागली म्हणून आपल्यापैकी अनेकजण समाधानी आहेत. परंतु ही पात्रे कोणत्या जागेवर उभी आहेत? मृतदेह आमचा, आरोपी आमचा, टाहो फोडणारी विधवा आमची. तपास करणारा, युक्तिवाद करणारा आणि शेवटी न्याय मिळवून देणारा मात्र दुसराच! याला प्रतिनिधित्व म्हणायचे काय?

अनुभव सिन्हा यांचा ‘आर्टिकल १५’ (२०१९) घ्या. नाव संविधानाच्या अनुच्छेदाचे, विषय दलित मुलींवरील अत्याचाराचा. हेतूबद्दल शंका नाही. पण नायक ब्राह्मण आय.पी.एस. अधिकारी. चळवळीचा तरुण नेता निषाद मध्येच मारला जातो. दलित पोलीस जाटव आहे, पण कथा पुढे नेण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. जात काय असते हे नायकाला कळावे, एवढ्यासाठीच जणू आमच्या लेकींनी मरायचे!

हा केवळ पडद्यावरचा प्रश्न नाही. गुन्ह्याची गोष्ट कोण सांगतो, यावर गुन्हा कोणता हे ठरते. आमचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत ज्या भंडारा जिल्ह्यात होता, त्याच भंडाऱ्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली. सुरुवातीला गोष्ट काय पसरवली गेली? अनैतिक संबंधांची! २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अॅट्रॉसिटी कायद्याखाली नव्हे. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हेतू सुडाचा मानला. चार प्रेते राहिली, जात मात्र गोष्टीतून गायब झाली. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले.

वेगळे चित्रपटही आहेत. ‘जय भीम’ (२०२१) मध्ये नायक वकीलच आहे. परंतु पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्याची पत्नी सेंगणी पैसे नाकारते, म्हणून खटला जिवंत राहतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये लोकशाहीर नारायण कांबळेंच्या भूमिकेत नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार होते. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असूनही हा माणूस दयेची भीक मागत नाही. २०२१ मध्ये कोरोनाने साथीदारांना नेले, पण त्यांनी दाखवलेला ताठ कणा पडद्यावर कायम आहे.

अॅट्रॉसिटी कायद्यातील दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्या कलम १५अ नुसार जामीन, आरोपमुक्ती, पॅरोल, शिक्षा अशा प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. म्हणजे कायद्याने पीडिताला बोलता केले. सिनेमा मात्र त्याला अजून मुकाच ठेवू पाहतो!

म्हणून ‘आपले पात्र आहे’ एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. त्या पात्राला घर आहे का, राग आहे का, प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे का? पटकथा कोणी लिहिली? हे तपासा. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला. दुसऱ्याच्या पत्रात आपली व्यथा कधी छापून येईल याची वाट ते पाहत बसले नाहीत. आपली मुले शिकून वकील झाली, अधिकारी झाली. आता त्यांच्यातून पटकथाकार आणि दिग्दर्शकही घडले पाहिजेत. नाहीतर पुढच्या खैरलांजीची गोष्टही दुसराच कोणी सांगेल आणि तीत जात नसेल.